इंग्रजी क्रियापदांचे कूळ आणि कायदा

इंग्रजी क्रियापदाची रूपे मोजावयास बसलेल्या मनुष्यास पहिले नवल वाटते ते त्यांच्या तुटपुंज्या संख्येचे. ज्या भाषेच्या क्रियापदांनी आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना सळो की पळो करून सोडले, त्या भाषेतील सामान्य क्रियापदाची सारी मिळकत अवघ्या चार रूपांची आहे : वॉक, वॉक्स, वॉक्ड आणि वॉकिंग. सिंग या क्रियापदापाशी एक रूप अधिक, म्हणजे पाच. पुट याच्यापाशी एक उणे, म्हणजे तीन. मस्ट याच्यापाशी तर एकच. आणि सर्वांत श्रीमंत असे जे बी हे क्रियापद, त्याची बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन व बीइंग मिळून आठ रूपे झाली की दप्तर बंद होते. संस्कृतात दहा लकार आणि प्रत्येक लकारात तीन पुरुष व तीन वचने असा हिशेब धरला, तर एका धातूची एकाच पदातील रूपे नव्वदापर्यंत जातात; आणि आपली मराठी पुरुष व वचन यांवर न थांबता कर्त्याचे किंवा कर्माचे लिंगही क्रियापदात नोंदवून ठेवते, त्यामुळे ‘आली’ एवढे म्हटले की आलेली व्यक्ती स्त्री होती हे वेगळे सांगण्याची दरकार उरत नाही. असे असता नव्वद रूपांचा वारसा सांगणाऱ्यांना चार रूपांची भाषा जड का जावी?

याचे एक कारण आपल्या क्रमिक पुस्तकांच्या वंशावळीत आहे. इंग्रजीचे व्याकरण लॅटिनच्या चौकटीत घडले. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लिहिलेले इंग्रजीचे व्याकरण मुळात लॅटिन भाषेतच होते. पुढे १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांनी व १७९५ साली लिंडली मरे यांनी इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणांचा अंमल शाळांवर बसला, आणि तीच परंपरा नेसफील्ड यांच्या हातून रेन व मार्टिन यांच्या पुस्तकापर्यंत आपल्याकडे उतरली. (यांपैकी रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते, आणि फ्रेंच परदेशी पलटणीवरील ‘बो जेस्ट’ ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी त्यांचीच, हे त्यांच्या व्याकरणाच्या धाकात वाढलेल्या पुष्कळांच्या गावीही नसते.) या परंपरेने क्रियापदांची सकर्मक आणि अकर्मक, नियमित आणि अनियमित, मुख्य आणि सहायक अशी खाती पाडली; त्यात गैर असे काही नव्हते. गैर झाले ते एवढेच, की ‘अनियमित’ या खात्यात टाकलेली दीड-दोनशे क्रियापदे जणू कोणत्याही कायद्यास न जुमानणारी पुंड मंडळी आहेत अशा समजुतीने ती केवळ घोकून घेण्यात आली. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या भाषेतील सर्वांत प्राचीन कायद्याने चालणारी क्रियापदे म्हणजे हीच, आणि तो कायदा समजून घेण्यास संस्कृत व्याकरणाची थोडीबहुत तोंडओळख असलेल्या मराठी वाचकाइतका अधिकारी वाचक खुद्द इंग्लंडातही सहसा सापडावयाचा नाही.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते प्रतिपादन केले, तेव्हा त्यांनी ज्या साम्याकडे बोट दाखविले त्यात क्रियापदांचे धातू प्रामुख्याने होते. फ्रान्झ बोप यांचा १८१६ सालचा ग्रंथ तर संस्कृतातील आख्यातरूपे ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतील रूपांशी ताडून पाहण्याकरताच लिहिलेला होता. त्यानंतर याकोब ग्रिम यांनी, म्हणजे लोककथा जमविणाऱ्या त्या प्रसिद्ध बंधूंपैकी थोरल्याने, इंग्रजी व जर्मन ज्या कुळातील आहेत त्या जर्मानिक भाषांच्या क्रियापदांचे ‘बलवान’ आणि ‘दुर्बल’ असे दोन वर्ग पाडले. जे क्रियापद भूतकाळ दाखविण्यासाठी बाहेरच्या प्रत्ययाची मदत न घेता आपल्या पोटातील स्वरच बदलते ते बलवान. ज्याला ‘ड’ किंवा ‘ट’ ची जोड घ्यावी लागते ते दुर्बल. सिंग, सँग, संग. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. स्विम, स्वॅम, स्वम. बिगिन, बिगॅन, बिगन. राइड, रोड, रिडन. राइट, रोट, रिटन. ही पहिल्या वर्गातील. प्राचीन इंग्रजीत अशी तीनशेहून अधिक क्रियापदे होती आणि त्यांचे सात गण होते. गणांची संख्या वाचून धातूंचे दहा गण पाठ केलेल्या आपल्या वाचकाला घरच्यासारखे वाटावे.

हा स्वरबदल लहरीने झालेला नव्हे. संस्कृतात ज्याला गुण आणि वृद्धी म्हणतात, त्या व्यवस्थेचेच हे पश्चिमेकडील रूप आहे. लिट् लकारात, म्हणजे परोक्ष भूतकाळात, ‘त्याने पाहिले’ याला ‘ददर्श’ आणि ‘त्यांनी पाहिले’ याला ‘ददृशुः’ म्हणावयाचे. म्हणजे एकवचनात धातूचा स्वर भरदार, बहुवचनात क्षीण. जर्मानिक भाषांचा भूतकाळ याच जुन्या लिट्‌सदृश रूपांपासून निघालेला असल्यामुळे प्राचीन इंग्रजीतही ‘मी गायलो’ म्हणताना सँग आणि ‘आम्ही गायलो’ म्हणताना सुंगॉन असा स्वरभेद पाळला जात असे. पुढे एकवचन आणि बहुवचन यांतील भेद मिटला, कोठे एकवचनाचा स्वर टिकला तर कोठे बहुवचनाचा, आणि ज्यांना हा पूर्वेतिहास ठाऊक नाही त्यांना वाटू लागले की एका क्रियापदाने आ घ्यावा आणि दुसऱ्याने ओ घ्यावा याला काही धरबंधच नाही.

एकाच क्रियापदाने मात्र हा भेद आजतागायत सोडलेला नाही. ते म्हणजे वॉज आणि वेअर. येथे नुसता स्वर नव्हे, व्यंजनही बदलते. एकवचनात स-वर्गाचा ध्वनी आणि बहुवचनात र. या बदलाची उपपत्ती ज्या मार्गाने सापडली, तो मार्ग भाषाशास्त्राच्या इतिहासात मला सर्वांत मनोहर वाटतो. जर्मानिक भाषांतील व्यंजने ग्रिम यांनी सांगितलेल्या नियमाप्रमाणे बदलतात, परंतु काही ठिकाणी बदल अपेक्षेहून वेगळाच पडतो, आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्या ठिकाणांस अपवाद म्हणून सोडून देण्याची वहिवाट पडली होती. कार्ल व्हेर्नर या तरुण डॅनिश पंडिताने १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखवून दिले की हे अपवाद नव्हेतच. मूळ शब्दातील आघात कोठे होता यावर सारे अवलंबून आहे, आणि तो आघात जर्मानिक भाषांतून पार पुसला गेला असला तरी वेदपाठकांनी उच्चारपरंपरेने सांभाळलेल्या उदात्त स्वरात तो जसाच्या तसा शिल्लक आहे. वैदिक संस्कृतात लिट् लकाराच्या एकवचनात उदात्त धातूवर पडतो, बहुवचनात प्रत्ययावर. आघात धातूवर असेल तेथे स् तसाच राहिला. आघात पुढे प्रत्ययावर गेला तेथे स् मृदू झाला आणि कालांतराने त्याचा र् झाला. वॉज आणि वेअर यांचा धातू संस्कृतातील ‘वस्’, राहणे, हाच आहे. लंडनमधील शाळकरी पोर वॉजच्या जागी वेअर म्हणते तेव्हा त्याच्या जिभेवर जो नियम चालत असतो, त्याचा दाखला ऋग्वेदाच्या स्वरांकनात काढावा लागतो.

हीच किल्ली लावली म्हणजे कॅन, मे, शॅल या सहायक क्रियापदांचे कुलूपही निघते. इंग्रजी वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनास स लागतो, मग ‘ही कॅन’ मध्ये तो का नाही? आपल्या पुस्तकांत उत्तर मिळते की अशी रीत आहे. वस्तुस्थिती अशी की ही रूपे दिसावयास वर्तमानकाळाची असली तरी जन्माने भूतकाळाची आहेत, आणि भूतकाळाच्या रूपास तो स कधीच लागत नव्हता. संस्कृतात याचे तंतोतंत उदाहरण ‘वेद’ हे आहे. ‘अहं वेद’ म्हणजे मी जाणतो, ‘स वेद’ म्हणजे तो जाणतो. रूप लिट् लकाराचे, अर्थ वर्तमानाचा, आणि ‘मी’ व ‘तो’ या दोहोंस रूप एकच. याच धातूचे वॉट हे जुने इंग्रजी क्रियापद ‘जाणतो’ याच अर्थाने वापरले जात असे आणि त्यालाही स लागत नसे. मस्ट व ऑट ही त्याहून पुढे गेली. ती एकदा भूतकाळातून वर्तमानात आली असूनही रूपाने पुन्हा भूतकाळाचीच राहिली, म्हणून त्यांना स्वतःचा निराळा भूतकाळ उरला नाही. विल याचे कूळ वेगळे, ते विध्यर्थातून आलेले. पण फळ तेच. जाता जाता एक गंमत : कुड या शब्दाच्या लेखनातील एल् हे अक्षर वुड आणि शुड यांच्या देखादेखी घुसडलेले आहे, त्यास व्युत्पत्तीचा आधार बिलकुल नाही.

बी या क्रियापदाची आठ रूपे तर निरनिराळ्या धातूंची एकत्र मांडलेली बिऱ्हाडे आहेत. ॲम आणि इज ही आपल्या ‘अस्मि’ आणि ‘अस्ति’ यांची भावंडे, बी आणि बीन ही ‘भू’ धातूची, वॉज व वेअर ‘वस्’ धातूची. गो आणि वेंट यांचाही एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही. वेंट हा वेंड या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ असून तो गोने दत्तक घेतला. यावरून इंग्रजीस नावे ठेवणाऱ्या मराठी मनुष्याने आपल्या ‘जातो’ आणि ‘गेला’ या रूपांकडे पाहावे : एक ‘या’ धातूचे, दुसरे ‘गम्’ धातूचे.

दुर्बल क्रियापदांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण राज्य आज त्यांचेच आहे. त्यांच्या ‘ड’ प्रत्ययाचे मूळ डू या क्रियापदात असावे असे बहुतेक पंडितांचे मत आहे, आणि डू म्हणजे आपला ‘धा’ धातू. नवीन शब्द आला की त्याला ‘करणे’ जोडून आपण त्याचे क्रियापद बनवितो, तशीच ही सोय. ब्रिंग–ब्रॉट, थिंक–थॉट, बाय–बॉट, स्लीप–स्लेप्ट ही पुस्तकात अनियमित गणलेली क्रियापदे वास्तविक या दुर्बल वर्गातीलच आहेत. उच्चारांच्या झिजेने त्यांची ओळख बुजली, इतकेच. पुट, कट, हिट यांच्या शेवटी मुळातच ट असल्याने प्रत्यय त्यात विरून गेला.

बलवान क्रियापदे हळूहळू दुर्बळांच्या गोटात जात राहिली. हेल्प याचे होल्प गेले आणि हेल्प्ड आले. ‘नेचर’ नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला, तेव्हा त्यांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत १४५ आणि आज ९८ अनियमित उरली असे आढळले. शिवाय जे क्रियापद शंभरपट कमी वापरले जाते ते दहापट वेगाने नियमित होते, असे गणितही त्या अभ्यासकांनी मांडले. नित्याच्या वापरातील रूप मुलाच्या कानावर इतक्या वेळा पडते की ते मोडावयास सवडच मिळत नाही. म्हणूनच बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी आणि गेट ही सर्वाधिक वापरातील दहाही क्रियापदे अनियमित आहेत. परंतु प्रवाह एकाच दिशेने वाहतो असेही नाही. १६११ सालच्या बायबलात डिग्ड असे नियमित रूप आहे, आज सर्वजण डग म्हणतात; वेअर, म्हणजे अंगावर घालणे, हे दुर्बल होते ते बलवान झाले; आणि स्ट्राइव्ह हे फ्रेंचमधून आलेले परकीय क्रियापद स्ट्रोव्ह असे रूप घेऊन जुन्या खानदानात खुशाल जाऊन बसले.

आता सकर्मक आणि अकर्मक यांकडे. हा भेद क्रियापदाच्या कपाळी जन्मतः लिहिलेला असतो अशी विद्यार्थ्यांची समजूत करून देण्यात येते, ती खोटी आहे. ‘त्याने दार उघडले’ आणि ‘दार उघडले’ या दोन्ही वाक्यांत मराठी एकच क्रियापद वापरते, इंग्रजीही ओपन हे एकच वापरते. वाक्यात कर्म आले की सकर्मक, न आले की अकर्मक. जेथे मराठीत विकणे आणि खपणे अशी दोन क्रियापदे लागतात तेथे इंग्रजी सेल या एकावरच भागविते. मात्र काही जोड्या जुन्या प्रयोजकाच्या राहिल्या आहेत. सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसविणे, राइज–रेज, फॉल–फेल, ड्रिंक–ड्रेंच, लाय–ले. संस्कृतात सीदति आणि सादयति यांचे जे नाते, तेच सिट आणि सेट यांचे, आणि प्रत्ययही मुळात एकच. पडणे–पाडणे, मरणे–मारणे या आपल्या जोड्या त्याच वळणाच्या. यांतील लाय आणि ले यांनी खुद्द इंग्रजांनाही जेरीस आणले आहे, कारण लायचा भूतकाळ ले आणि लेचा भूतकाळ लेड, त्यामुळे ‘आडवा झाला’ आणि ‘आडवा ठेवतो’ यांची रूपे एकमेकांवर आदळतात.

खरी अडचण आहे ती पुढेच. रूपे झडून गेल्यावर काळ, निषेध, प्रश्न, शक्यता, पूर्णता ही सारी कामे कोणी करावयाची? इंग्रजीने ती सहायक क्रियापदांकडे सोपविली. शाहू महाराजांच्या मागे गादी साताऱ्यास आणि कारभार पुण्यास अशी जी स्थिती झाली, तीच येथे आहे : अर्थाचा मान मुख्य क्रियापदाकडे, परंतु हुकूम सुटतो तो सहायकाच्या सहीने. ‘ही डिड नॉट गो’ या वाक्यात भूतकाळ डिडने घेतला, निषेधही त्यालाच चिकटला, आणि गो निर्विकार राहिले. मराठीत ‘तो गेला नाही’ म्हणताना भूतकाळ मुख्य क्रियापदातच राहतो. म्हणूनच आपला विद्यार्थी ‘डिड नॉट वेंट’ लिहितो. ही चूक आळसाची नव्हे, मराठी वळणाची आहे, आणि शिक्षकाने छडी उगारण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. हा डूचा कारभार फार जुनाही नाही. पूर्वी क्रियापद कर्त्याच्या आधी आणले की प्रश्न होई आणि पुढे नॉट जोडला की निषेध होई. सुमारे १५०० ते १७०० या दोन शतकांत डूने ही जागा बळकावली, आणि शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

काळांच्या बाबतीत लॅटिन चौकटीने आपणांस अधिक फसविले. तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार मिळून बारा, हे कोष्टक सुबक आहे. पण डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांच्यासारख्या व्याकरणकारांनी फार पूर्वीच दाखवून दिले की रूप पाहता इंग्रजीला काळ दोनच आहेत, भूत आणि वर्तमान. मराठीच्या ‘जाईल’ सारखे खास भविष्याचे रूप तिच्यापाशी नाही. विल याचा मूळ अर्थ इच्छा आणि शॅल याचा देणे किंवा बंधन. त्यांना भविष्याच्या कामी तैनात केले गेले. आय आणि वी यांना शॅल, इतरांना विल, हा जो दंडक आपण शिकलो तो वॉलिस यांच्या १६५३ सालच्या पुस्तकातला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथे तो फारसा कधी रुजलाच नाही, आणि आता इंग्लंडातही त्याची कोणी फिकीर करीत नाही. काळाचे रूप आणि प्रत्यक्ष वेळ यांची फारकत तर दोन्ही भाषांत आहे. ‘गाडी पाचला सुटते’ असे आपण उद्याच्या गाडीविषयी म्हणतो, इंग्रजही तसेच म्हणतो. आणि जागचा न हललेला मराठी मनुष्य ‘आलोच’ असे भूतकाळात ओरडतो, तेथे तर इंग्रजीनेही हात टेकावेत.

जेथे दोन्ही भाषा वेगळ्या वाटांनी जातात तेवढी स्थळे मात्र नीट पाहून ठेवली पाहिजेत. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ‘हॅव सीन’ च्या शेजारी ‘यस्टर्डे’ बसू शकत नाही, कारण हॅवने केलेला पूर्ण वर्तमान आजच्याशी बांधलेला असतो आणि गेलेल्या क्षणाचे नाव उच्चारताच तो बंध तुटतो. ‘मी येथे दहा वर्षांपासून राहतो आहे’ यातील वर्तमान इंग्रजीत ‘हॅव बीन लिव्हिंग’ होतो. नो, बिलीव्ह, बिलाँग यांसारखी स्थितिवाचक क्रियापदे सहसा इंगचे रूप घेत नाहीत. रामाने आंबा खाल्ला, यात क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते म्हणून पुष्कळ मुले त्याचे भाषांतर कर्मणि प्रयोगाने करतात; इंग्रजीत तेथे साधा कर्तरीच हवा, कारण तिच्या क्रियापदाला कर्माची आज्ञा पाळण्याची सवय नाही. विध्यर्थाचे जुने अवशेष मात्र ‘इफ आय वेअर’ आणि ‘लाँग लिव्ह द किंग’ अशा थोड्या ठिकाणी जपलेले आहेत, तेथे वॉज किंवा लिव्ह्ज का नाही याचे उत्तर तेच.

नवीन रूपांची निर्मितीही थांबलेली नाही. ‘घर बांधले जात आहे’ यासाठी आज सर्रास वापरले जाणारे ‘इज बीइंग बिल्ट’ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागले. त्यापूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ एवढेच म्हणत. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ग्रँट व्हाइट यांच्यासारख्या अमेरिकी टीकाकारांनी या नव्या रूपावर कोरडे ओढले, ते असंस्कृत ठरविले, आणि शंभर वर्षांच्या आत त्यांचा पुरता पराभव झाला. क्रियापदामागे अप, ऑफ, आउट यांसारखे लहानसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची जी रीत, तीबद्दल सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केले होते की परकीयांना याहून मोठी अडचण इंग्रजीत दुसरी नाही. गिव्ह म्हणजे देणे, पण गिव्ह अप म्हणजे सोडून देणे. ‘खाऊन टाकले’, ‘बोलून बसला’, ‘रडू लागली’ ही आपली संयुक्त क्रियापदे शिकू पाहणारा इंग्रज जो वैताग भोगतो, त्याची ही परतफेड समजावी. येथे कायदा शोधण्यापेक्षा पुष्कळ वाचावे हेच श्रेयस्कर.

जी गोष्ट आपल्या हाती आहे ती एवढीच. अनियमित क्रियापदांची कोष्टके आपल्या पुस्तकांत वर्णानुक्रमाने छापलेली असतात, त्यामुळे बिगिन एका पानावर, ड्रिंक दुसऱ्या आणि स्विम तिसऱ्या पानावर जाऊन पडते. ज्याच्या घरी इंग्रजी शिकणारे मूल असेल त्याने ते कोष्टक फाडून टाकण्याची गरज नाही. परंतु एक कोरी वही घ्यावी आणि तीच क्रियापदे स्वरबदलाच्या क्रमाने, सिंगच्या जातीची एका पानावर, राइटच्या जातीची दुसऱ्यावर, ब्रिंग आणि थिंक यांची तिसऱ्यावर अशी मुलाच्या हाताने पुन्हा उतरवून घ्यावीत.